काळ्या चिखलाचा इलाज

कॅस्पियनकाठच्या त्या गावात पहिला नातू आजीचा. जन्मला की आजीनं पोटाशी धरायचा आणि आपला धाकटा लेक म्हणून वाढवायचा. जन्म देणारीनं ‘वहिनी’ म्हणवून घ्यायचं, वर तोंडातून ब्र काढायचा नाही. अकमारालनंही काढला नव्हता. ती नवऱ्याबरोबर अक्ताऊ शहरात राहायची आणि सुट्टीला येऊन पोटच्या एरासिलला नुसतं डोळे भरून बघून जायची.

यंदा मात्र तिनं ठरवलं होतं, शाळेसाठी त्याला मागायचंच. नवऱ्यानं, तालगातनं, आईपाशी तसा विषय काढला आणि म्हातारी काल्दिगुल जी बिनसली ती बिनसलीच.

त्यात पोराचे गुडघे दुखायला लागले. मग काय, सगळं गाव करतं तेच म्हातारीनं केलं. खाडीतला काळा चिखल आणून टब भरला आणि पोराला रोज त्यात कमरेपर्यंत बसवू लागली. सांधेदुखीवर तिथं दुसरं औषध कुणी मानत नाही.

अकमाराल शहरात माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं मूठभर चिखल नेऊन तपासला, तर त्यात शिसं निघालं, लहान पोरांच्या मेंदूला विषच. किनाऱ्यावरचा जुना कारखाना केव्हाच बंद पडला होता, पाणी नितळ झालं होतं. पण त्यानं सोडलेलं शिसं गाळात तसंच बसलं होतं. आणि हे पोरगं खारट लागतात म्हणून बोटं चाटायचं!

ती तालगातला घेऊन तडक गावी आली. अंगणात पाहुण्या बायका चहाला बसल्या होत्या, पोर टबात होतं. तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि ती हसली.

“शाळा पुरली नाही म्हणून आता चिखल होय? तुझा नवरा याच चिखलात लोळून वाढला. माझं पोर न्यायला आणखी काय काय शोधून काढशील, सूनबाई?”

बायकांनी माना खाली घातल्या. तालगात म्हणाला, आजचा दिवस राहू दे. अकमारालला कळून चुकलं, आपण पोराची आई आहोत म्हणूनच आपलं कुणी ऐकणार नाही. तिकडे पोरानं पुन्हा बोट तोंडात घातलं.

तिनं चहासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची नान-रोटी उचलून कपाळाला लावली. अन्न हातात धरून खोटं बोलायची तिथं कुणाची छाती नाही.

“आई, एरासिल तुमचा. शाळेला मागणार नाही, कधीच मागणार नाही. या अन्नाची शपथ. तेवढं त्याला चिखलातून काढा.”

म्हातारीनं हातातला चहा खाली ठेवला. मग उठली, पोराला उचललं, ऊन पाण्यानं बोट न् बोट चोळून धुतलं आणि तालगातला म्हणाली, टब लांब नेऊन ओत. अकमाराल टॉवेल घेऊन पुढे झाली. म्हातारीनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

“रक्त कुठं तपासतात ते सांग. मी नेईन माझ्या लेकराला.”

काळीज फाटत होतं, तरी अकमारालनं पत्ता नीट सांगितला. मग ती खाली बसली आणि पाहुण्यांना चहा ओतू लागली.