माझ्या नावानं गेलेल्या नोटिसा

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. वाजवायचा नाही, हळद घासायचा. माझी हकीकत अभिमानानं सांगावी अशी सुरू झाली होती. आज मात्र ती सांगताना मला लाज वाटते.

१९९८ साली हिंगोलीच्या अनिरुद्ध नावाच्या इंजिनियरनं मला बनवलं. डोंगरकड्याजवळच्या तांड्यात रूपाबाई शिजवून वाळवलेली हळद गोणपाटावर हातानं घासत. त्यांची सोललेली बोटं त्यानं पाहिली आणि त्याला राहवलं नाही. फिरते ढोल तेव्हाही होते, पण त्यांत हळकुंडं तुटत. अनिरुद्धनं माझ्या आत नागमोडी पट्ट्या जोडल्या. मग हळकुंडं अख्खी, पिवळीधमक बाहेर पडू लागली.

"लेकरा, माजे हात वाचवले तू," रूपाबाई म्हणाल्या.

काही वर्षांनी त्या पट्ट्यांचं पेटंट त्याला मिळालं. ते त्याच्या हक्काचंच होतं. पण पुढे त्यानं ढोल बनवणं सोडलं आणि नोटिसा पाठवणं धरलं. पेटंट पट्ट्यांचं, नोटिशीत मात्र तो लिही, फिरणारा प्रत्येक ढोल माझाच! पुसेगावच्या ढोल बनवणाऱ्या कारागिरांनी घाबरून काम बंद केलं. कोर्टाच्या चकरांपेक्षा पैसे देऊन मिटवणं बरं, असं लोकांना वाटे. अनिरुद्धला हे पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक नोटिशीला माझाच फोटो जोडलेला असे.

अनिरुद्धनं मला परत नेल्यावर रूपाबाईंसाठी त्यांचे दीर मोहनसिंग यांनी जुन्या पिंपाला भोकं पाडून, दांडा लावून साधा ढोल केला होता. त्यांनाही नोटीस आली.

"साहेब, पिंप फिरवायचं बी तुमीच शोधलं का?" त्यांनी विचारलं.

"ते कोर्टात सांगा," अनिरुद्ध म्हणाला.

निकाल लागेपर्यंत पिंप वापरायला कोर्टानं मनाई केली. ऐन हंगामात रूपाबाई पुन्हा गोणपाटावर बसल्या.

अखेर सुनावणीला मला नेलं. मी आणि ते पिंप, शेजारी शेजारी. न्यायाधीशांनी अनिरुद्धला विचारलं, "या पिंपात तुमचं काय आहे, दाखवा." त्यानं आत वाकून पाहिलं. आत एकही पट्टी नव्हती.

साक्षीला आलेल्या रूपाबाई त्याला म्हणाल्या, "माजे हात बघून ढोल केला तू. मंग त्याच हातावर मनाई काहून आणली?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

दावा फेटाळला गेला. काही दिवसांनी अनिरुद्ध मला टेम्पोत घालून तांड्यावर गेला. "रूपाबाई, हा तुम्हीच ठेवा," तो खाली मान घालून म्हणाला.

रूपाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. "न्हाई बाबा. उद्या याचीबी नोटीस यील."

टेम्पो मला घेऊन परत फिरला. माझ्या पट्ट्या अजून शाबूत आहेत, पण मला कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, नवं शोधा, त्याचा हक्कही घ्या. पण नोटीस पाठवणाऱ्यानं आपलं नेमकं काय चोरलं गेलं ते आधी दाखवावं, नंतरच दुसऱ्याचं काम थांबावं, असा कायदा मोठे झाल्यावर नक्की मागा. शोधाला राखण हवी. पण त्या राखणीची शेजाऱ्याला दहशत वाटू नये.