खुंटी पाच, सहा, सात

खुंटी एक. आगाशिव डोंगराच्या पायथ्याला, विहिरीपासून चाळीस पावलं. डोक्यावर खिळा. वारा पश्चिमेचा.

*

आमटीत आजही डाळ शोधावी लागली.

*

घरचं पत्र : काळी मेंढी व्याली, दोन पिल्लं. मोजणीचं शिकलीस तरी गावात कुणाचा बांध मोजू नको. लोक मग बोलत न्हाईत.

*

'जिओमॅटिक्स म्हणजे काय?' या प्रश्नाला वर्गात दोघांनीच हात वर केले. दोघांची उत्तरं वेगळी.

*

एक मीटर चाळीस सेंटिमीटर.

*

अपेक्षाच्या कॅम्पातल्या टिपणांपैकी ही शेवटची ओळ तेवढी भानगडीची.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं सर्व्हे कॅम्पला मलकापूरला येऊन पडली होती. मुक्काम शाळेच्या हॉलमध्ये. काम सांगायला सोपं : माळावर बारा खुंट्या ठोकायच्या, खुंटी खुंटीवर थिओडोलाइटची दुर्बीण लावून कोन मोजायचे, टेप लावून अंतरं मोजायची आणि गोल फिरून पहिल्या खुंटीवर यायचं. कागदावरही ही फेरी निघाली तिथंच मिळायला हवी. जेवढी उघडी राहील, तेवढी चूक.

तिसऱ्या गटाने सोमवारी कोन घेतले, मंगळवारी अंतरं. बुधवारी सकाळी आकडेमोड केली, तर फेरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर उघडी. त्या फटीतून म्हैस गेली असती.

गटाची प्रमुख अपेक्षा. ती आटपाडीकडच्या झरे गावची, मेंढपाळाच्या घरातली. हैदराबादहून आलेले परीक्षक एका मुलाची किंवा मुलीची तिथल्या वर्षभराच्या जिओमॅटिक्स कोर्ससाठी शिफारस करणार होते. उपग्रहाचे फोटो वाचायचे, कॉम्प्युटरवर नकाशे करायचे. पुढे रेल्वे, खाणी, कालवे, जिथं जमीन तिथं काम. कृष्णेचं पाणी वर चढवून पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत न्यायचं, अशी बोलणी तेव्हा जोरात होती. कालव्याची रेघ आपल्या गावावरून ओढणारे हात आपले असावेत, असं अपेक्षाला वाटे. पण हे ती कुणाला सांगत नसे, कारण पोरं हसली असती. हैदराबाद हुकलं, तर विट्याच्या एका रस्ता-ठेकेदाराकडे खडीच्या ट्रका मोजायचं काम तिच्यासाठी तयार होतं.

कागद द्यायची वेळ संध्याकाळी पाच.

"शिजवू या," गटातला फलटणचा विश्वजित म्हणाला. आकडे शिजवणं म्हणजे उत्तर आधी ठरवून मापं मागून बसवणं. ही विद्या थोरली पोरं धाकट्यांना देऊन जात. "अर्ध्या तासात शून्यावर आणतो. शून्य! दोन नंबरच्या गटानं काय केलंय वाटतंय तुला?"

"आधी माळावर जाऊन येते."

"माळ काय सांगणाराय तुला?"

"बघू की. आम्रे, चल."

आष्ट्याची आम्रपाली गटाची हिशेबनीस. तिनं कॅल्क्युलेटर पिशवीत टाकला आणि चप्पल शोधली.

*

माळावर सगळ्या खुंट्या जागेवर. चार ठीक. पाच ठीक... अपेक्षा खाली बसली. खुंटीच्या मानेला सुताचा पीळ अडकला होता. भोवती लेंड्यांचा थर, चौकोनी, जणू कुणी गवंड्याच्या गुण्यानं आखलेला.

ती हसायलाच लागली.

"येड लागलं का?" आम्रपाली म्हणाली.

"इथं वाघर लावली होती गं!"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. चारी बाजूंनी मेखा ठोकून ताणायची. अपेक्षाचं लहानपण तिच्या आत-बाहेर गेलेलं. खुंटी चोरीला गेली असती, तर कुणालाही कळलं असतं. इथं कुणीतरी सोमवारी तिन्हीसांजेला पाच, सहा, सात अशा तीन खुंट्या उपटल्या होत्या, वापरल्या होत्या आणि सकाळी सभ्यपणे परत ठोकल्या होत्या. म्हणजे कोन एका जागेचे, अंतरं दुसऱ्या जागेची.

*

कळप दोन शेतं पलीकडे सापडला. मेंढपाळ नानासो काठीला रेलून उभे, त्यांची बायको हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होत्या.

"मामा, माळावरच्या खुंट्या तुमी काढल्या व्हत्या?"

"खिळंवाल्या व्हय? लय झ्याक मेखा. आमच्या तीन मोडल्या व्हत्या, म्हून घेतल्या. पर सकाळच्याला ठोकल्या की माघारी."

"तिथंच?"

"तिथंच म्हंजी! नखभर बी सरकली न्हाई."

"दोन हात सरकली आसंल," हरणाबाई घोड्याच्या पलीकडून म्हणाल्या. "कडंला दगूड लागला म्हून ह्यांनी बाजूला ठोकली. म्या बघितलं."

"तू कवा बघितलंस?"

"मी रोजच बघती. सांगत न्हाई एवढंच."

नानासोंनी पटका नीट केला. "पोरी, कुठल्या तुमी?"

"झऱ्याची. बाळासोची मी."

"बाळासो? धोंडुबाईचा? आरं तिच्या! मग वाघर वळखू येणारच की. काय नुकसान झालं का गं?"

अपेक्षानं सांगितलं. सगळं कळलं नसावं. पण पाचच्या आत सरकलेल्या तीन आणि शेजारच्या दोन, अशा पाच खुंट्यांवरचे कोन पुन्हा घ्यायचे आणि दोन माणसं कमी पडतात, एवढं त्यांना बरोबर कळलं.

"काय करायचं आसतंय?"

"लाल-पांढरी काठी खिळ्यावर सरळ धरून उभं राहायचं. हालायचं न्हाई."

हरणाबाई खळखळून हसल्या. "दुसरं केलंय काय ह्यांनी जन्मभर?"

*

आणि खरंच, असा काठीवाला अपेक्षानं पुन्हा बघितला नाही. कॉलेजची पोरं काठी धरून दोन मिनिटांत डुलायला लागत, माशी हाकलत, कुणाला तरी हाक मारत. नानासो दुर्बिणीत उलटे दिसत होते, डोकं खाली, पाय आभाळात, आणि तसेही हलत नव्हते. पुढच्या खुंटीवर हरणाबाई. त्या हलत नव्हत्या, पण बोलत होत्या; ते दुर्बिणीत दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"एकशे अठ्ठावीस, बारा, चाळीस!" अपेक्षा ओरडे. आम्रपाली लिही. कळपाकडे कुत्रं बघत होतं.

आठव्या खुंटीवरून निघायला तीन वाजले. आम्रपालीनं विहिरीच्या कट्ट्यावरच कॅल्क्युलेटर काढला.

"अकरा सेंटिमीटर," ती म्हणाली. "चालतंय. चाळीसपर्यंत माफ हाय."

*

पाचला दहा कमी. हॉलच्या दारात विश्वजित, हातात स्वच्छ कागद, शाई वाळलेली.

"शून्य. बघ तरी अक्षर कसलं काढलंय."

"आमचे अकरा आलेत. खरे."

"अकरा? दोन नंबरवाल्यांचे दोन आलेत. आणि खुंट्या हालल्या हे लिहिणार तू? मग तो परीक्षक विचारणार, खुंट्यांची आजूबाजूची मापं का घेतली नव्हती. काय सांगणार?"

हे मात्र खरं होतं. प्रत्येक खुंटी ठोकली की जवळच्या तीन पक्क्या वस्तूंपासून तिची मापं टिपायची असतात, म्हणजे खुंटी हलली तर कळतं. पहिल्या दिवशी हे राहून गेलं होतं. राहून जाऊ दिलं होतं. गटप्रमुख अपेक्षाच.

"मी माझ्यासाठी करत नाहीये, बये," विश्वजित हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या हैदराबादसाठी चाललंय हे."

अपेक्षानं त्याचा कागद घेतला. अक्षर सुंदरच होतं. तिनं नीट घडी घालून तो त्याच्या खिशात ठेवला.

"ठेव. लग्नपत्रिका लिहायला उपयोगी पडेल हे अक्षर."

*

परीक्षकांनी कागद वाचला. शेऱ्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ये वाघर क्या है?"

अपेक्षानं सांगितलं. हिंदी अडकली तिथं हातानं जाळी ताणून दाखवली.

"रेफरन्स मेजरमेंट?"

"नहीं लिये, सर."

"क्यूं?"

"चाय आयी थी."

विश्वजितनं डोळे मिटले. परीक्षकांनी लाल पेननं दहा गुण कापले, मग फिल्डबुक उलटून एका रिकाम्या चौकटीवर पेन टेकवलं. काठी धरणाऱ्याचं नाव. "कौन था?"

तिनं दोन नावं लिहिली.

"ये दोनों के साथ और भी काम करती हो?"

"नहीं सर. वो तो चले गये."

"अफसोस," परीक्षक म्हणाले आणि पुढचा गट बोलावला.

*

मार्चमध्ये पत्र आलं. जागा दोन नंबरच्या गटातल्या मुलाला. अपेक्षाचं नाव प्रतीक्षा यादीत, पहिलं. पाचव्या दिवशी ठेकेदाराला होकार कळवला आणि वैशाखभर ट्रका मोजल्या. जूनच्या शेवटी त्या मुलाला एका सिमेंट कंपनीनं नोकरी दिली आणि जागा सुटली. हैदराबादची तार झऱ्यात पोचली तेव्हा अपेक्षा खडीवर होती. मिरजेच्या स्टेशनावर तिला सोडायला आम्रपाली आली, आणि विश्वजितही, ट्रंकेवर तिचं नाव त्यानंच रंगवलेलं.

तीनपर्यंत काठी धरून उभे राहिले, त्या बुधवारी नानासोंना मेंढरं घेऊन दुपारी एकच्या आत ओंड गावच्या मळ्यावर पोचायचं होतं.