वगळायचा नमुना

"हा एक नमुना काढून टाक," योस्ट पडद्यावरून म्हणाला. "सगळ्यांची सरासरी बिघडवतोय."

योस्ट हॉलंडमध्ये बसून कितीतरी देशांतून आलेल्या रक्ताचे आकडे एकत्र करायचा. रक्तातले शेकडो बारीक घटक मोजायचे आणि पुढे कुणाला हृदयविकार जडतो, कुणाला मधुमेह, ते वर्षानुवर्षं पाहत राहायचं, असं ते काम. आमच्या नारीनच्या डोंगरांतले आकडे त्याला सायकाल पाठवायची. सायकाल आमच्या संशोधन केंद्रातली रसायनतज्ज्ञ. तिशी ओलांडलेली, जिभेला हाड नसलेली.

"काढून टाकायला तो काय तांदळातला खडा आहे? होमोसिस्टीन दहापट आहे, योस्ट."

"गावाहून येताना रक्त तसंच पडून राहिलं असेल. मग ते वाढतंच."

"थोडं वाढेल. पण मेथिओनिन? तेही आभाळाला टेकलंय. ते पडून राहिल्यानं वाढत नाही. ही बाई आजारी आहे, जन्मापासून."

योस्टनं चष्मा काढून डोळे चोळले. "असेलही. पण तिचं नाव आपल्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही, असं आपण सगळ्यांनी कबूल केलंय. ते कुलूप मी उघडू शकत नाही."

त्या कुलपाची किल्ली डॉक्टर असीलकानकडे होती. केंद्राच्या प्रमुख, साठीच्या. सगळे त्यांना एजे म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. गावोगावी फिरून लोकांना रक्त द्यायला त्यांनीच राजी केलं होतं. सायकाल तडक त्यांच्या खोलीत शिरली.

"एजे, चोवीस वर्षांची बाई आहे. हिचं रक्त कधीही गोठेल. मेंदूत, फुप्फुसात, कुठंही. आणि पोटुशी असली तर विचारूच नका."

"आहे का पोटुशी?"

"मला काय ठाऊक? नंबरला पोट असतं का?"

एजे हसल्या नाहीत. "मी लोकांच्या चुलीपाशी बसून शब्द दिलाय, पोरी. तुमचं रक्त कुणाचं ते कुणाला कळणार नाही, कुणी दार वाजवायला येणार नाही. आज एकीच्या दारात गेले, तर उद्या अख्खं खोरं बाह्या खाली करून बसेल. मग पुढच्या हजारांचं काय?"

"आणि ती मेली तर? आपल्याला माहीत होतं हे कळल्यावर कोण बाही वर करेल?"

एजेंनी नीतिसमितीच्या सदस्यांना एकेक करून फोन लावले. एकानं आरडाओरडा केला, एकानं लेखी मागितलं. दुपारपर्यंत होकार मिळाला, तोही अटीवर: एकच नाव उघडायचं, आणि जे सांगायचं ते फक्त त्या बाईलाच.

नाव निघालं उलकान. गावात फोन केला तर शेजारीण म्हणाली, "ती कुरणावर गेलीय, सासरच्यांबरोबर. आठवा लागलाय की तिला."

सायकालनं फोन ठेवला आणि एजेंकडे गाडी मागितली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघी ड्रायव्हरला घेऊन निघाल्या. खिंडीत अजून बर्फाचे ढीग होते, ओढ्यांना वितळलेलं पाणी आलं होतं. एका ओढ्यात गाडी अडकली, तेव्हा मेंढपाळांनी घोडे जुंपून ओढून काढली. कुरणावर पोचल्या तेव्हा उलकानची सासू जुउराकान लोकरीच्या तंबूपुढं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस घुसळत होती.

"आल्या का रक्तपिपासू!" ती म्हणाली. "मागच्या खेपेला काढलेलं पुरलं नाही वाटतं?"

"आम्हाला उलकानशी बोलायचंय," एजे म्हणाल्या. "एकटीशी."

"माझ्या सुनेशी बोलायचं ते माझ्यासमोर बोला. घरात चोरून बोलायची रीत नाही आमच्यात."

तेवढ्यात उलकान बाहेर आली. उंच, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा. या आजाराचं पुस्तकी वर्णनच चालत येत होतं. आणि ती लंगडत होती.

"पायाला काय झालं?"

"सुजलाय, परवापासून. एनी रोज चरबीनं रगडून देतात," तिनं सासूकडं बोट केलं.

"रगडू नका!" सायकाल ओरडली. जुउराकानच्या हातातला दांडा थांबला.

"काय गं, आमच्या आयांनी हेच केलं, आम्ही हेच केलं. आणि तू कोण काल आलेली? आजारी सून आणली म्हणून गावभर डांगोरा पिटायचाय का तुम्हाला?"

एजे पुढं झाल्या. "जुउराकान, तुमच्या सुनेची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय मी तुम्हालाही सांगणार नाही. गाव तर लांबच राहिलं."

हे म्हातारीला अनपेक्षित होतं. तरी ती जागची हलेना. मग उलकानच म्हणाली, "एनी, जरा बाजूला जा." आवाज बारीक होता. सासूला तिनं असं कधी सांगितलं नसावं.

घोडीच्या खुंट्यापाशी तिघी उभ्या राहिल्या. एजेंनी सगळं सांगितलं: पायात रक्ताची गाठ झाली असावी, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि हा आजार भावंडांतही असू शकतो. उलकाननं एकच विचारलं, "माझा भाऊ घोड्यावरून पडून गेला. एकविसाव्या वर्षी. सगळे म्हणाले, पडला म्हणून गेला. की आधी गेला नि मग पडला?"

"ते आता कुणीच सांगू शकणार नाही, बाळा."

"मी येते," ती म्हणाली.

गाडी खिंड चढत असताना तिला धाप लागली. उंचीमुळं, की गाठ फुप्फुसात पोचली? एजेंनी मनगट धरून ठेवलं होतं, आणि त्या घड्याळाकडं बघत नाडी मोजत होत्या. पुढच्या सीटवर उलकानचा नवरा कुबात टोपी कुस्करत बसला होता. "एजे, काहीतरी बोला ना," तो म्हणाला.

"तू ड्रायव्हरशी बोल. त्याला जागं ठेव."

गाठ पोचलीच होती, पण लहान. नारीनच्या इस्पितळात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली, नव्या तपासणीत आजार पक्का झाला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू झाल्या. होमोसिस्टीन निम्म्याच्या खाली आलं; पुरतं उतरलं नाही, उतरेल असंही कुणी म्हणालं नाही. तीन आठवड्यांनी मुलगी झाली. आकारानं एवढीशी, रडायला खणखणीत.

योस्टनं तो नमुना शेवटी वगळलाच. "आजार कळला म्हणून सरासरी सुधारत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण त्यानंच सगळ्या देशांना कळवलं, की यापुढं रक्त घेताना प्रत्येकाला विचारायचं: जिवावरचं काही दिसलं, तर तुमच्या दारी येऊ का?

एजेंची भीतीही खोटी ठरली नाही. खोऱ्यातल्या दोन कुटुंबांनी आपलं रक्त परत मागितलं. एजे स्वतः गेल्या, चहा प्यायल्या आणि एका शब्दानंही न अडवता त्यांचे नमुने नष्ट करून आल्या.

सायकाल इस्पितळात भेटायला गेली, तेव्हा उलकान मुलीला पाजत फोनवर बोलत होती. पलीकडं तिची धाकटी बहीण होती, दुसऱ्या खोऱ्यात नांदणारी.

"काही झालं नाही मला. तू ऐक आधी," ती दटावत होती. "तुझाही चष्मा जाड आहे ना? मग उद्याच्या गाडीनं खाली ये. घोडीचं दूध कोण काढेल ते तुझा नवरा बघेल."