त्या किड्यांचं तेवढं बघ

मी एक जुनी काचेची पेटी आहे. आणि मित्रांनो, 'शी!' म्हणणार असाल तर आत्ताच चालू लागा. आयुष्यभर तेवढंच ऐकत आलेय मी.

माझा जन्म माशांसाठी झाला. पण तळाला चीर गेली आणि घरच्यांनी मला 'फ्री' अशी चिठ्ठी लावून रस्त्याकडेला ठेवलं. तिथून मला अबोलीने उचललं. नागपूरहून इकडे नॉर्थ कॅरोलायनात प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास करायला आलेली ही मुलगी. "पाणी राहत नाही तर नको राहू दे, भुंगेरे राहतील की!" म्हणाली, आणि मला लॅबमध्ये घेऊन गेली.

तिने माझ्यात कापूस पसरला, उबेसाठी दिवा लावला आणि शेकडो काळे भुंगेरे सोडले. हे भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या वाळलेलं मांस खातात, हाडाला धक्का लावत नाहीत. उकळलं तर बारीक हाडं ठिसूळ होतात, चाकूने खरवडलं तर ओरखडे उठतात. माझ्या पोरांनी मात्र उंदराचं बोटसुद्धा कधी बिघडवलं नाही. तिचे प्रोफेसर मला थोपटून म्हणायचे, "बेस्ट वर्कर्स इन द बिल्डिंग!" मी फुशारून जायची.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात रस्त्यावर मेलेलं एक पाणमांजर आलं. त्याच्या पुढच्या पायाचं हाड कधीतरी मोडून आपलं आपण जुळलं होतं. जंगलात, प्लास्टरशिवाय! अबोलीचा अख्खा प्रबंध त्या पायावर उभा होता. डिसेंबरात पदवी घ्यायची, तर महिनाभरात हाडं स्वच्छ हवीत. माझी पोरं कामाला लागली.

शेजारच्या खोलीत प्रसाद होता. पुण्याचा. हाडांची यादी कॉम्प्युटरवर चढवायला दोनच आठवड्यांपूर्वी आलेला. "यार अबोली, कीबोर्डवर परत किडा!" हे त्याचं रोजचं रडगाणं. अबोली नुसती हसायची. तो आत कधी डोकावला नाही, हिने कधी समजावलं नाही.

मग तिला चार दिवस कॉन्फरन्सला दूर, चँडलर नावाच्या शहरात जायचं झालं. दारात बॅग, खाली टॅक्सी. जाता जाता म्हणाली, "प्रसाद, त्या किड्यांचं तेवढं बघ हं, प्लीज!"

बघ! तिच्या मनात होतं, खायला घाल, दिवा विझला तर लाव. याला वाटलं, हाडांना कीड लागलीय, बंदोबस्त कर. अरे शहाण्या, हाडांना काय तांदळासारखी कीड लागते? पण नाही! आईने स्वेटरांत घालून दिलेल्या डांबरगोळ्या घेऊन आला, मूठभर माझ्यात टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं. वर म्हणतो, "आता बघू कसे राहतात!" तो वास! माझी पोरं काचेवर चढायची, घसरायची, उलटी पडायची. काचेला तोंड असतं ना, तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या मी.

सोमवारी अबोलीने झाकण उघडलं आणि मेलेला एकेक भुंगेरा चिमट्याने उलटून बघू लागली.

"अगं, तूच म्हणालीस ना बघ म्हणून! मी बघितलं," प्रसाद म्हणाला.

"बघ म्हणजे सांभाळ रे!" ती किंचाळली. "मार नाही!"

करायला गेला गणपती, झाला मारुती. पाय अर्धाच साफ झाला होता. पदवी मे महिन्यावर गेली. नागपूरला फोनवर सांगताना ती रडली, ते मी ऐकलंय.

पाणमांजराच्या कवटीत, अगदी आत, तीन अळ्या वळवळताना सापडल्या. तीनच. अबोलीने मला घासून पुसून, नवा कापूस घालून त्यांना परत सोडलं. प्रसादच्या हातात चिमटा दिला आणि म्हणाली, "आता रोज तू यायचं." तो येतो. डब्यातल्या चिकनचा तुकडा वाळवून आणतो, दिवा तपासतो. परवा हळूच "जेवा रे" म्हणाला. तरी मी त्याला माफ केलेलं नाही. माझ्या कोपऱ्यात अजून डांबरगोळ्यांचा वास आहे.

आणि राग अबोलीचाही आहे. मित्रांनो, ज्यांच्यावर तुमचं सगळं अवलंबून आहे, त्यांना दारातून ओरडून कुणाच्या हवाली करू नका. दोन मिनिटं थांबा. टॅक्सी थांबते. माझी पोरं थांबली नाहीत.