बसकी

माझ्या नवऱ्याने, दिपेशने, पोपटी रंगाची जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली आणि महिन्याभरात तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा टाकल्या. गाडी चार बोटं खाली आली. घरी येऊन तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "पप्पा, गाडी बसवली."

माझे सासरे काळुराम ओटीवर चहा पीत होते. "बसवाला गनपती हाय का तो? धंदा बसतो, घसा बसतो, तशी तुजी गारी बसली." झालं. तेव्हापासून सगळ्या मानपाड्यात तिचं नाव 'बसकी'.

मी कोपरची. माहेरी आमची गाडी म्हणजे कोपऱ्यावरची रिक्षा, त्यामुळे सुरुवातीला मी हरखून गेले. मग पहिला स्पीडब्रेकर आला. दिपेश गाडी थांबवून गोड आवाजात म्हणाला, "रसिका, उतर ना जरा." मी उतरायचं, त्याने गाडी तिरकी घालून मुंगीच्या पावलांनी काढायची, मी पलीकडे परत चढायचं. हा माझ्या वजनावर बोलतोय असं वाटून मी दोन दिवस अबोला धरला. नंतर कळलं, तो नणंदेलाही उतरवतो, आणि करिश्मा म्हणजे नुसती काडी आहे. मानपाड्यापासून ठाण्यापर्यंतचा एकेक ब्रेकर मला पायी माहीत आहे.

त्यात सासऱ्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्वतः उभं राहून एक ब्रेकर घालून घेतला. कारण सांगितलं, डंपर जोरात येतात. तो एवढा उंच झाला की बसकी त्यावरून येईना. मुलाची गाडी अडेल हे त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं मी म्हणणार नाही. बसकी बाहेर वाण्याच्या दुकानापाशी राहायला लागली. करिश्माचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी निकाल दिला, "लगीन उरकलं का जुन्या स्प्रिंगा लाव, नायतर गारी वीक." जुन्या स्प्रिंगा गोणीत भरून माळ्यावर होत्याच. त्या रात्री दिपेश जेवला नाही, आणि मी इतके दिवस त्याची थट्टा केली याचं मला फार वाईट वाटलं.

हळदीच्या सकाळी वेगळाच घोळ झाला. आमच्याकडे धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला बसल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आमची धवलारीण म्हणजे सासऱ्यांची कळव्याची मावशी, कमळाबाई. सासऱ्यांनी आपली मोठी गाडी धाडली, ती रिकामी परत आली. मागच्या लग्नात दोघांनी मावशीला त्या गाडीत पोत्यासारखं उचलून घातलं होतं. तिचे गुडघे धरलेले, पायरी चढवत नाही. रिक्षात कंबर जाते. तिने निरोप दिला होता, "मना पोतं करून नेताव तं मी येत नाय." करिश्मा रडायला लागली.

दिपेश उठला. "आजीला मी आणतो. रसिका, चल."

कळव्याला कमळाबाईंनी बसकीकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि बसल्या. मग एकेक पाय आत घेतला. "पाटावर बसल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. त्यांना उतरवायचा प्रश्नच नव्हता आणि मी मागच्या सीटवर घडी होऊन बसले होते. मुंब्रा बायपास, शीळफाटा, सगळे ब्रेकर आम्ही तिघांनी बसून पार केले. एका ठिकाणी खालून खर्रकन आवाज आला. दिपेशचा चेहरा पडला.

"घासला?" कमळाबाईंनी विचारलं.

"हो आजी."

"माजा गला पन घासतंय. गातंय ना मी?"

शेवटी आमची गल्ली आली. दिपेशने डावीकडून घातली, उजवीकडून घातली, दोन्हीकडून पोट टेकलं. पलीकडे मांडव, पाटावर करिश्मा, वाटलेली हळद, आणि पन्नास बायका. सासरे पांढऱ्या शर्टात धावत आले. "मावशे, उतर. चार पावलं तं हायेत."

"चार पावलं मी चालत आयली असती, तं गारी कशाला धारली असतीस? यो डोंगर कोनी घातला?"

सगळी गल्ली आभाळाकडे बघायला लागली. दिपेशही बघायला लागला. तेवढं श्रेय मी त्याला देते.

"मी घातला," सासरे म्हणाले.

"मंग तूच फोर."

मांडवाचे खड्डे खणायला आणलेली पहार कोपऱ्यात उभी होती. सासऱ्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, सोन्याची साखळी पाठीवर टाकली आणि पहिला घाव घातला. इकडे कमळाबाईंनी बसल्या जागी, गाडीचं दार उघडं टाकून, धवला धरला. बायका चटया उचलून गाडीभोवती येऊन बसल्या. त्यांना मान वर करावी लागत नव्हती, धवलारीण त्यांच्याच उंचीवर होती.

"मोठे गारीला उंच पायरी गो, बसकी माजी पाटावानी गो," कमळाबाई गात होत्या. प्रत्येक 'गो'ला पहार पडत होती. चौथ्या ओळीला सासरे स्वतःच हसायला लागले आणि घाव चुकून बुटाजवळ पडला. मग दिपेशने त्यांच्या हातातली पहार घेतली, पण सासऱ्यांनी ती परत घेतली. उरलेला ब्रेकर त्यांनीच फोडला.

बसकी पोट न घासता मांडवात गेली. करिश्माला हळद लागली, मग मला, दिपेशला, आणि कोणीतरी बसकीच्या बॉनेटवरही पाच बोटं उमटवली. मी इतकी हसले की माझा घसा बसला.

लग्न पार पडलं. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे ओटीवर चहा पीत होते. दिपेश शिडी लावून माळ्यावर चढला आणि गोणी खाली घेऊन आला.

सासऱ्यांनी गोणीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बसकीकडे.

"भंगारवाला आला का दे त्याला," ते म्हणाले. "घरात अरगल नको."