शेवटपर्यंत खेळून लिहिलेलं मत

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो, आणि दुपारच्या सुट्टीत लोकांनी बनवलेले गेम सोलून काढतो. इंटरनेटवर माझं नाव 'खवट'. एकेचाळीस वर्षांच्या माणसाने असलं नाव घेऊन फिरावं का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. नऊ हजार लोक माझी मतं वाचायचे आणि खाली 'उभा चिरलात हो' असं लिहायचे. ते वाचून मला दिवसभर बरं वाटायचं.

मी एकाच जातीच्या गेमबद्दल लिहितो. तलवारी, जादू, ड्रॅगन, आणि आपण दुसरंच कुणीतरी होऊन साठ-सत्तर तास ज्यात हिंडतो ते गेम. लोकांना वाटतं मला ते आवडत नाहीत. अहो, मला त्यांचं वेड आहे, म्हणून तर राग येतो. जगाला वाचवण्यासाठी 'निवडलेला वीर' हा प्रकार आता कायमचा बंद करावा, हे माझं पहिलं प्रामाणिक मत. ज्याला काल स्वतःचे बूट धड घालता येत नव्हते, त्याच्या दारात आज राजा येऊन म्हणतो, बाबा रे, आता तूच. दुसरं मत गावकऱ्यांबद्दल. जग बुडायला आलेलं असतं आणि एक गृहस्थ विहिरीपाशी उभे राहून सांगतात की त्यांची बकरी हरवली आहे. आणि आपण जातो शोधायला! तिकडे राक्षस बिचारा आपली बकरी सापडेपर्यंत ताटकळत बसतो. तिसरं मत बोलण्याबद्दल. या गेममधली माणसं एकदा बोलायला लागली की आवरत नाहीत. म्हणून एक बटण असतं, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून पुढे जायचं. माझ्याकडच्या त्या बटणावरची खूण दाबून दाबून पुसली गेली आहे.

माझ्या प्रत्येक लेखावर एक ओळ ठळक अक्षरांत असायची: 'शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मी लिहीत नाही.' सहा वर्षं ती खरी होती. बाकीचे लोक तासभर खेळून मत ठोकून देतात, म्हणून मी त्यांच्या नावाने नाकाने कांदे सोलायचो.

मग तो मांत्रिकाचा गेम आला. कुणी बनवला ते कुठे लिहिलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या मांत्रिकाला शाप लागतो, त्याचे सगळे शब्द जातात आणि गावातले दिवे विझतात. आपण मांत्रिक व्हायचं आणि एकेक शब्द परत मिळवायचा. कल्पना बरी होती. पण 'पाणी' एवढं म्हणायला त्या बाबाला मिनिटभर लागायचं. "प... पा... पान... नाही... पा..." आणि वाक्य तोडायचं बटणच दिलेलं नव्हतं! दोन तासांत मांत्रिक अकरा शब्द शिकला. पुढे नदी होती, आणि 'नाव' हा शब्द आल्याशिवाय ती ओलांडता येत नव्हती. मी त्या काठावर वीस मिनिटं बसलो आणि गेम बंद केला. पुढची गोष्ट काय आहे ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं चाळलं आणि मत लिहून टाकलं. वरची ठळक ओळ तशीच ठेवली. हात थांबला नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. उलट त्या दिवशी लेखणीला धार आली आहे असं मला वाटलं.

मी लिहिलं होतं की मांत्रिकाला आवाज देणाऱ्या नटाला बहुधा झोपेतून ओढून आणलं असावं. असा ततपप अभिनय मी आयुष्यात ऐकला नाही, असंही लिहिलं. आणि मग ते वाक्य: 'या माणसाने पुन्हा तोंड उघडू नये.' ते लोकांना फारच आवडलं. ते तोंडोतोंडी झालं, त्या आवाजाच्या नकला करून लोक टाकायला लागले. मी त्या नकला दुकानात पोरांना ऐकवल्या.

तीन आठवड्यांनी, रविवारी, जेवताना ताईने पानावरून हात उचलला. मी ताईकडेच राहतो, वरच्या खोलीत. ती वाचा-उपचार करते. अर्धांगवायूच्या झटक्याने ज्यांची वाचा जाते, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते.

"तू ते गेम खेळतोस ना," ती म्हणाली. "मग सांग मला, हा खवट कोण आहे?"

मी विचारलं, "कोण खवट?"

"आमचा गेम, अरे. वर्षभर सांगतेय तुला. मी आणि आमच्या क्लिनिकमधला संगणकवाला करत होतो तो."

वर्षभर ती सांगत होती हे खरं. वर्षभर मी जेवताना एका कानात हेडफोन घालून 'हं, हं' म्हणत होतो, हेही तितकंच खरं.

"त्यातला मांत्रिक म्हणजे आमच्या क्लिनिकला येणारे एक काका," ताई म्हणाली. "बावीस वर्षं बसस्टँडवर घोषणा करायचे. झटका आला आणि सगळं गेलं. बायकोचं नावसुद्धा. या खवटाने काय लिहिलंय ते जावयाने हौसेने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं, कौतुकच असेल असं समजून. त्या दिवसापासून काका बोललेले नाहीत. क्लिनिकला येत नाहीत. चहा हवा असला तरी बोटाने दाखवतात. तीन आठवडे रे! अशा वेळी सुटलेलं पुन्हा हाताला लागत नाही कधीकधी."

मी पाणी प्यायलो. "पण मग तसं आधीच लिहायचं ना, की हा माणूस आजारी आहे म्हणून."

"काकांनाच नको होतं. आधी कीव नको, आधी खेळू दे, म्हणाले. शेवटी येतं ना सगळं, आवाज कुणाचा, काय झालं होतं, सगळं." ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. "आणि हा तर म्हणतो, मी शेवटपर्यंत खेळतो. म्हणजे त्याने ते वाचलं. वाचून, कळून, मग लिहिलं की या माणसाने तोंड उघडू नये. कसला माणूस असेल रे तो? घरी बायका-मुलं असतील का त्याला?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो आणि भात कालवत बसलो. मी तिला तिथल्या तिथे सांगू शकलो असतो की तो इतका दुष्ट नाही, तो फक्त खोटारडा आहे. पण लाज वाटली. खरं म्हणजे भीती वाटली आणि तिला मी लाज म्हणत होतो.

सोमवारी दुकानात पोट बिघडल्याचं कळवलं आणि सकाळी नऊला तो गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी नदीकाठी थांबलो. 'नाव' यायला पाऊण तास लागला. दुपारी मांत्रिक दोन शब्द जोडून बोलायला लागला. तेव्हा मला काहीतरी वेगळं ऐकू आलं. आवाज बदलत होता. घसा तोच होता, पण अडखळणं कमी झालं होतं, शब्दाच्या शेवटी दम उरत होता. मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी शेवटच्या घाटावर पोचलो. गावातले दिवे लागले होते, लोक नावेची वाट बघत उभे होते, आणि मांत्रिक पायरीवर उभा राहून म्हणाला: "सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावे. पलीकडच्या गावाला जाणारी नाव घाटाला लागली आहे. लहान मुलांना आधी बसू द्यावे." एका दमात. स्वच्छ, भरदार, जिथल्या तिथे थांबणारा आवाज.

मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली. मांत्रिकाचा आवाज एका निवृत्त उद्घोषकाचा आहे. त्यांची वाचा गेली होती. चौदा महिन्यांत ज्या क्रमाने त्यांचे शब्द परत आले, त्याच क्रमाने ते या खेळात आहेत.

मी खुर्चीत बसून रडलो. रडताना स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, म्हणून तोंड धुऊन आलो.

ताई संध्याकाळी आली. पर्स खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं की खवट मीच, आणि मी नदीपर्यंतच खेळलो होतो. ती ओरडेल, निदान एक ठेवून देईल, अशी माझी तयारी होती.

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटत होतं कुणीतरी राक्षस आहे." तिने चप्पल काढली. "तू निघालास."

त्या दोन शब्दांनी मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मी म्हणालो की तो लेख काढून टाकतो, जाहीर माफी लिहितो. ती म्हणाली, "लिही की. तुझ्या नऊ हजारांना आवडेल तेही." मग तिने काकांच्या घरी, काकूंना फोन केला, सगळं जसं आहे तसं सांगितलं आणि मला पत्ता दिला. "मी येणार नाही. माझ्या मागे लपायचं नाही."

बुधवारी सकाळी गेलो. काकूंनी दार उघडलं. मला वाटलं होतं तसा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, उजवा हात मांडीवर पडलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सहा वर्षं, ठळक ओळ, नदी, सगळं. गाळलं काहीच नाही, फक्त फार भराभर बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने टेबलाकडे बोट दाखवलं.

तिथे जावयाने छापून आणलेला माझा लेख होता, घडी पडलेला. काकूंनी तो माझ्या हातात दिला. "वाचा म्हणतायत."

"काका, नको. मी माफी मागायला आलोय."

ते बोट कागदावरून हलेना. मी वाचायला लागलो. निवडलेल्या वीराबद्दलचा विनोद, बकरीचा विनोद. त्या खोलीत एकही विनोद विनोदासारखा ऐकू येत नव्हता. झोपेतून ओढून आणलेला नट आला, ततपप आलं. तेही वाचलं. पुढची ओळ आली आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. "या..." म्हणालो आणि तिथेच अडलो. पुन्हा "या..." मी कागद खाली केला. काकू भिंतीकडे बघत होत्या.

काका खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी डोळे माझ्या ओठांवर ठेवले आणि स्वतःचे ओठ हळूहळू जुळवले.

"मा..." ते म्हणाले.

मला कळलं नाही. काकूंचा हात तोंडावर गेला होता. "ताई असंच करतात," त्या कुजबुजल्या. "शब्द अडला की पहिलं अक्षर त्या देतात."

"मा..." काका पुन्हा म्हणाले. जोर लागत होता, कपाळावरची शीर दिसत होती.

"माणसाने," मी म्हणालो.

"पु..."

"पुन्हा."

"तों..."

"तोंड," मी म्हणालो. माझे डोळे वाहत होते, पण त्यांनी मान हलवली, थांबायचं नाही म्हणून.

"उ..."

"उघडू नये."

काका मागे टेकले. तीन आठवड्यांनी तोंड उघडलेल्या माणसाला लागावा तेवढा दम त्यांना लागला होता, आणि काकू त्यांच्या खुर्चीचा दांडा धरून उभ्या होत्या. मी कागदाची घडी घालायला लागलो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"पु... पुढे," ते म्हणाले.

अजून अर्धं पान बाकी होतं. मी वाचायला लागलो.