हातभर अंतरावरचं

मी एक जुनी दुर्बीण आहे. दोन नळ्या, आत भिंगं, मधे एक फिरकी आणि गळ्यात अडकवायला चामडी पट्टा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझ्या गोष्टीत रडारड फारशी नाही. काचेला रडता येत नाही. माझ्यातून तळं गेलं, टेकड्या गेल्या, हजारो पक्षी गेले. एका बाजूने आत आले, दुसऱ्या बाजूने निघून गेले. माझ्यात काही उरलं नाही. निदान बरीच वर्षं मला तसं वाटत होतं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. भिंती पांढऱ्या, टेबलं पांढरी आणि धुळीला सक्त मनाई. सुती फडक्याने भिंगं पुसणाऱ्या बायका तिथे ओळीने बसत. शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस बाई प्रत्येक दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरच्या बारीक रेघा बघत. माझ्यातून बघून त्या म्हणाल्या, "हिचा उजवा डोळा जरा आळशी आहे."

शेजारची म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे तर दोन्ही आहेत. पाठव पुढे."

अशी मी पास झाले. मग खोका, मग दुकानाचं कपाट, आणि एके दिवशी मी गावाबाहेरच्या छोट्या अभयारण्यात आले. फाटकाशी तिकिटाची खिडकी होती. खिडकीच्या आत, डाव्या हाताला, एक खिळा होता. तो माझा झाला.

खिडकीत काकू बसायच्या आणि रानात काका फिरायचे. काका तिथले राखणदार आणि काकू त्यांच्या बायको. येणारे-जाणारे त्यांना पक्षीकाका म्हणत. काकूंना मात्र नुसतंच काकू. त्याबद्दल काकूंची तक्रार होती. "तिकिटं मी फाडायची, झाडू मी मारायचा, आणि पक्षी यांचे!"

काकूंचा एक नियम होता. दुर्बीण हवी असेल तर गाडीची किल्ली ठेवायची. किल्ली ठेवल्याशिवाय त्यांनी देवालाही मला दिलं नसतं. मुलांकडे किल्ली कुठली? मुलांनी टोपी ठेवायची. सुट्टीच्या दिवशी माझ्या खिळ्याखाली टोप्यांचा ढीग पडे.

रोज सकाळी पहिली फेरी मात्र काकांची. तळ्याच्या कडेने जायचं, मग दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने लव्हाळ्यात शिरायचं, मग टेकडीवरच्या लाकडी मनोऱ्यावर चढायचं. मनोऱ्यावरून पलीकडचा सगळा मुलूख दिसे. तीन कमानींचा दगडी पूल, मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेली वाडी आणि ओढ्याकाठची जुनी पाणचक्की. काका पाहुण्यांना माझ्यातून ते सगळं दाखवत आणि सांगत, "आधी चक्की बघा, मग मध घ्या. उलटं केलंत तर मधाची बरणी घेऊन चक्कीच्या दीडशे पायऱ्या उतरायला लागतील. मागच्या वेळी एकाने सांडली, त्याला अजून मुंग्या सोडत नाहीत." पाणचक्कीचं चाक मी हजार वेळा बघितलं असेन. ते फिरायचं, पाणी उसळायचं, पण आवाज कधी आला नाही. माझ्यात सगळं मुकंच येतं.

काकांच्या नजरेचं फार कौतुक होतं. तळ्यापलीकडे बसलेल्या बगळ्याच्या पायात कडी असेल, तर कडीवरचा आकडा ते माझ्यातून वाचून दाखवत. लांबून आलेले अभ्यासक तोंडात बोट घालत. "या वयात ही नजर!" काका फुलून जात. मला काही वाटत नसे. मी भिंगं पुढे धरून असे.

हळूहळू काका धांदरट झाले. स्टुलाला अडखळायचे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. काकू चहाचा पेला डाव्या बाजूला ठेवत आणि काका तो हमखास लवंडत. वर्षभरात चार पेले फुटले. पाचवा फुटला तेव्हा काकू म्हणाल्या, "डोळे आहेत की खाचा? तळ्यापलीकडच्या पक्ष्याची कडी दिसते आणि कोपराशी ठेवलेला चहा दिसत नाही!"

"लक्ष नव्हतं गं."

"लक्ष कसं असेल? पेल्यावर पिसं उगवली असती तर असतं."

दोघं हसले. मीही खिळ्यावर हलले असेन, वाऱ्याने. त्यात काही वाईट आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मग शाळेची सहल आली. तीस मुलं, दोन बाई आणि कलकलाट. त्यात लाल टोपीची एक मुलगी अखंड बोलत होती. काकांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. तिने टोपी खिडकीत ठेवून मला मागितलं, पण पहिली पाळी काकांची. फळ्यांच्या वाटेवर सगळे थांबले. लव्हाळ्याच्या एका काडीवर खंड्या बसला होता, निळाशार. काकांनी मला डोळ्यांना लावलं. टिटवी त्यांच्या डाव्या हाताला उभी होती, अगदी हातभर अंतरावर. त्या बाजूला कठडा नव्हता.

"काका, मला द्या ना. काका, माझी टोपी ठेवलीये मी."

ती पुढे वाकली, पाय घसरला आणि ती धप्पकन दलदलीत पडली, कमरेपर्यंत. काका माझ्यातून खंड्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "शू! उडेल."

मागून बाई किंचाळल्या. दोघींनी मिळून मुलीला ओढून वर काढलं. एक बूट चिखलातच राहिला. काकांनी मला खाली घेतलं आणि मान वळवून बघितलं, तेव्हा त्यांना ती दिसली. त्यांच्या हातात मी होते, म्हणून मला ठाऊक आहे, तोवर खंड्या माझ्यात जरासुद्धा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीचे साहेब आले. "मूल चिखलात बुडतंय आणि तुम्ही त्याला शू म्हणता?"

"मला दिसली नाही, साहेब."

"हातभर अंतरावर होती!"

साहेबांनी हुकूम दिला की काकांनी आता मुलांना रानात न्यायचं नाही. उन्हाळा संपला की त्यांना ठेवायचं की नाही ते ठरेल. आणि या दुर्बिणीत डोकं घातलं की यांना जगाचं भान राहत नाही, तेव्हा ही कपाटात. काकूंनी मला कपाटात ठेवलं. किल्ली कंबरेला खोचली. लाल टोपीही माझ्याबरोबर आत आली, कारण त्या गडबडीत ती न्यायला कुणाला सुचलं नव्हतं.

कपाटाच्या दाराला फट होती. तिच्यातून मला काकांचा झाडू दिसे. सकाळी ते पानं झाडत, दुपारी परत तीच पानं झाडत. एकदा त्यांनी काकूंना विचारलं, "मी असा कधी झालो गं? लेकरू शेजारी पडलं आणि मला काहीच कसं झालं नाही?"

काकूंनी ताट वाढायला घेतलं.

"मन मेलंय माझं. बघून बघून दगड झालोय. साहेबांचं खरं आहे."

"जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

ते जेवले. मला आतल्या अंधारात काही वाटलं नाही. टोपीला चिखलाचा वास येत होता. माझ्या एका भिंगावर बुरशीचा ठिपका पडला, मोहरीएवढा. कुणी पुसलं नाही, म्हणून. मीही काही दिवस स्वतःला दोष देऊन पाहिला. तो नीट लागला नाही.

सुट्टी लागल्यावर टिटवी आपल्या आजोबांबरोबर परत आली. टोपी न्यायला. काकूंना वाटलं आजोबा भांडतील. ते म्हणाले, "भांडायला नाही आलो. बूट सापडला का, तेवढं विचारतो. एका बुटाचं काय करायचं, सांगा बरं?"

बूट सापडला नव्हता. काकूंनी टोपी धुऊन ठेवली होती. ती बघून टिटवी खूश झाली आणि लगेच म्हणाली, "काकू, दुर्बीण?"

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. साहेब नव्हते. त्यांनी मला बाहेर काढलं. "खिडकीपासून फाटकापर्यंतच हं. पुढे नाही."

टिटवीने टोपी ठेवली, मला डोळ्यांना लावलं आणि तशीच चालायला लागली. आधी बादलीला धडकली. मग स्टुलाला. स्टुलावर काकांचा चहा होता, तो गेला. सहावा पेला.

"अगं ए, डोळे आहेत की..." काकू म्हणायला लागल्या आणि त्यांना हसूच आलं.

"काकू, यातून बाजूचं दिसतच नाही!" टिटवी हसत म्हणाली. "समोरचं एवढं मोठ्ठं दिसतं, पण सगळं गोल. तुम्ही माझ्या शेजारी होता ना? तर नव्हताच तुम्ही!"

काकूंचं हसू उतरलं. त्या फुटक्या पेल्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, "अहो, झाडू ठेवा आणि इकडे या."

"आता काय झालं?"

"इथे उभे राहा. समोर फाटकाच्या कडीकडे बघा. मान हलवायची नाही."

काका उभे राहिले. काकूंनी लाल टोपी उचलली आणि त्यांच्या डाव्या बाजूने, मागून पुढे, हळूहळू आणायला सुरुवात केली. "टोपी दिसली की सांगा."

टोपी कानापाशी आली. काका कडीकडे बघत होते. टोपी डोळ्याच्या कोपऱ्याशी आली. टिटवी तोंडावर हात ठेवून हसत होती. टोपी गालाच्याही पुढे आली.

"काका, आता तर दिसलीच पाहिजे," टिटवी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

टोपी जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा काका म्हणाले, "हां, दिसली. किती वेळ लावलास!"

आजोबांनी टिटवीला समोर उभं केलं आणि तीच टोपी तिच्या बाजूने आणली. कानापाशी येताच ती ओरडली, "दिसली!" मग तिने काकांकडे बघितलं. काकाही तिच्याकडे बघत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी गेले नव्हते. काकूंनी परत आल्यावर खिडकीत बसून आजोबांना फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं. काचबिंदू होता. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. मधलं तेवढं शाबूत राहतं, एका नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं थेंबांनी राखायचं. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर आधी यायला हवं होतं.

वर्षभर आधी का नाही गेले? माझ्यामुळे. माझ्यात बाजू नसतेच, मित्रांनो. माझ्यातून सगळ्यांनाच गोल दिसतं. म्हणून माझ्यातून बघताना काकांची नजर पहिल्यासारखीच राहिली. त्या नजरेची कीर्ती झाली, आणि कीर्ती झालेले डोळे कोण तपासायला नेतं?

त्या संध्याकाळी काका फाटकापाशी बसले होते. काकू थेंब घालत होत्या. "वर बघा. अहो, वर. पक्षी नाहीये वर, तरी बघा."

थेंब गालावरून ओघळले. थेंबच असावेत. काका म्हणाले, "म्हणजे मन नव्हतं मेलं माझं."

"नाही हो."

"नुसते डोळेच."

"नुसते डोळेच," काकू म्हणाल्या. आणि एवढी वाईट बातमी असून दोघांचे चेहरे बऱ्याच दिवसांनी सैल पडले.

डॉक्टरांची चिठ्ठी काकूंनी साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली, मग काकांची नोकरी राहिली आणि मी कपाटातून खिळ्यावर परत आले. फळ्यांच्या वाटेला आता दोन्ही बाजूंनी कठडा आहे. काका तिकीटखिडकीत बसतात आणि रानात काकू जातात. वीस वर्षं त्यांनी मला दुसऱ्यांच्या गळ्यात घातलं, स्वतः कधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "अगंबाई! हा बगळा तर माझ्या नणंदेसारखा बघतोय." त्यांना पक्ष्यांची नावं येत नाहीत. त्या परत येऊन खिडकीत काकांना वर्णन सांगतात. काका नाव सांगतात आणि वहीत लिहून घेतात.

एकदा काकू मला पाणचक्कीपाशीही घेऊन गेल्या. आयुष्यभर लांबून बघितलेलं चाक पहिल्यांदा समोर आलं. काकूंनी मला डोळ्यांना लावलं तर नुसतं धुरकट. इतक्या जवळचं मला दिसत नाही. त्यांनी मला खाली सोडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा मी तो आवाज ऐकला. धो धो आणि मधूनच लाकडाची करकर. मी त्यांच्या छातीवर टेकले होते, म्हणून तो मला थोडा लागलाही.

चहाचा पेला काकू अजून डाव्या बाजूलाच ठेवतात. टिटवी सुट्टीत आली होती, तिने विचारलं, "समोर का नाही ठेवत?"

"समोर ठेवला तर मान वळवायची सवय कशी लागेल?" काकू म्हणाल्या, आणि आत बघून ओरडल्या, "अहो, डावीकडे!"

काकांनी मान वळवली. आधी पेला दिसला, मग काकू. सातवा पेला अजून शाबूत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी सारखं ठेचकाळत असेल, काहीबाही लवंडत असेल, तर हसा, पण हसून झाल्यावर एखादी टोपी घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहा. आणि कुठल्या रानात माझ्यासारखी दुर्बीण मिळाली तर मनसोक्त बघा, मग ती खाली घ्या आणि हातभर अंतरावर कोण उभं आहे तेही बघा. परत देताना मऊ फडक्याने भिंगं तेवढी पुसा. काचेला काही वाटत नाही, पण धूळ बसते.